घासून लख्ख, पण कशासाठी?



नाताळानंतरच्या आठवड्यात आम्ही घरभेटीसाठी चुडाव्याला गेलो होतो. पूर्णा आणि नांदेडच्या मधले हे लहानसे स्टेशन तुमच्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. तिथल्या एका घरात आम्हांला एक प्रश्न विचारला गेला. आम्ही त्याचे उत्तर तिथल्या तिथे दिले. परतीच्या वाटेवरच त्या उत्तराबद्दल शंका येऊ लागली, आणि आज ते अपुरे होते असे कबूल करण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

त्या घरातले वडील चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कर्करोगाने गेले. तंबाखूची सवय लहानपणापासूनची. मुलगा आय.टी.आय. झालेला फिटर, दुबईत एका वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे आणि सुट्टीवर आला होता. चहा झाल्यावर त्याने मोबाईलवर आम्हांला काही फोटो दाखवले. हातात मावतील एवढ्या धातूच्या चपट्या डब्या, काही गोल नळ्या. प्रत्येकीचे दोन फोटो : आधीचा चरे पडलेला, रंग उडालेला, कोपरे झिजलेला, नंतरचा आरशासारखा लख्ख. आम्हांला वाटले ही जुन्या घड्याळांची किंवा लायटरची काहीतरी कामे असतील. त्याने सांगितले, "फादर, हे व्हेप आहेत. ई-सिगारेट. तिकडं लोक जुन्या झाल्या की टाकून देतात. मी त्या घेतो अन् नव्यासारख्या करतो. स्वतः मी ओढत नाही."

आई दारात बसली होती. ती म्हणाली, "ह्याच्या बापाला तंबाकूनं नेलं, अन् हा तंबाकूच्याच डब्या घासत बसतो. तुम्हीच सांगा फादर, ह्याला काय म्हणावं?"

मुलाने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "यात पाप आहे का, फादर?"

आम्ही म्हणालो, "अरे, ज्या गोष्टीने घर उजाड झाले तिला सजवायचे कशाला? टाकून दे." तो काही बोलला नाही. निघताना प्रार्थनेसाठी आम्ही उभे राहिलो, तेव्हा येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर एक पितळी डबी दिसली. दोन तोंडांची, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. अशा डब्या आपल्याकडे घरोघरी होत्या, अजूनही आहेत. ही मात्र सोन्यासारखी चमकत होती. आम्ही विचारले, तर आई म्हणाली, "त्यांचीच हाय. सणाला चिंच लावून घासते मी."

म्हणजे त्या घरात दोन माणसे तंबाखूची डबी घासत होती. एकाला आम्ही टाकून दे म्हणालो, आणि दुसरीला काय म्हणावे ते आम्हांला सुचले नाही. घरी आल्यावर तर अधिकच पंचाईत झाली. आमच्या टेबलावर एका मित्राने दिलेली जुनी बिदरी फुलदाणी आहे. काळ्या अंगावर चांदीची वेलबुट्टी. महिन्यातून एकदा आम्ही तिला तेलाचा बोळा फिरवतो. ती मुळात फुलदाणी नाहीच. ते हुक्क्याचे बूड आहे.

तेव्हा प्रश्न त्या एका तरुणापुरता राहत नाही. अपाय करणाऱ्या सवयीचे साधन जपावे का, दुरुस्त करावे का, त्याच्यावर आपला वेळ आणि कसब खर्च करावे का, असा तो प्रश्न आहे.

आधी त्या मुलाच्या कामाकडे नीट पाहू या, कारण ते न पाहताच आम्ही उत्तर दिले होते. तो सांगत होता तसे : पहिल्यांदा बॅटरी बाहेर काढायची. तिच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन फाटले असेल तर ती वापरायचीच नाही. शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. मग हातमोजे घालून आत साचलेला निकोटिनचा द्रव पुसायचा, कारण निकोटिन कातडीतूनही अंगात जाते. त्यानंतर पॉलिश पेपर : आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००, शेवटी २००० नंबरचा, पाण्यात भिजवून. दर वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. वर मुलामा असेल तर घासायचे नाही, नाहीतर मुलामाच निघून जातो. एका डबीला दोन-तीन शुक्रवार जातात. खोलीवरची बाकीची मुले सुट्टीच्या दिवशी काय करतात ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण घरापासून इतक्या दूर, एका पलंगाएवढ्या जागेत राहणारा मुलगा सुट्टीत असे काही धीराचे काम करतो, याची किंमत आम्ही त्या दिवशी ओळखली नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी विरंगुळ्यालाही सद्गुणाच्या चौकटीत जागा दिली आहे. मनालाही विसावा लागतो, असे ते मानतात. आणि त्यांच्या मोठ्या ग्रंथात याच विषयाला लागून एक प्रश्न आला आहे, तो सेमिनरीत शिकताना आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. स्त्रियांच्या साजशृंगाराच्या वस्तू बनवणारे कारागीर पाप करतात काय, असा तो प्रश्न. उत्तर देताना ते कारागिरीचे तीन भाग करतात. ज्या वस्तूचा पापाशिवाय दुसरा उपयोगच होऊ शकत नाही, ती बनवणारा दोषी. मूर्तिपूजेसाठी घडवलेल्या मूर्तीचे उदाहरण ते देतात. ज्या वस्तूचा उपयोग चांगला किंवा वाईट दोन्ही प्रकारे होतो, जशी तलवार किंवा बाण, ती बनवणारा दोषी नाही. आणि जी वस्तू स्वतः वाईट नाही, पण बहुतेक लोक जिचा वाईटच उपयोग करतात, तिच्या बाबतीत कारागिराला सरसकट दोष देता येत नसला तरी राज्यकर्त्यांनी ती कला बंद करावी. या शेवटच्या मताला त्यांनी प्लेटोचा आधार घेतला आहे.

सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या व्हेपला लावून पाहा. ते पहिल्या प्रकारात बसवणे अवघड आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा आधार घ्यायला सांगते. आजचे ई-सिगारेट ज्यांच्या नावावर आहे ते चीनचे औषधनिर्माते होन लिक स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००३ साली त्यांनी हे उपकरण तयार केले ते सिगारेटची जागा घेण्यासाठी. पण पुढे त्याला फळांचे आणि मिठाईचे स्वाद आले, रंगीत नळ्या आल्या आणि ज्यांनी कधी सिगारेट हातात धरली नव्हती अशी शाळकरी मुले त्याकडे वळली. आपल्या सरकारने त्याला तिसऱ्या प्रकारात टाकले. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे या सर्वांवर बंदी आली. साठवणूक वगळता बाकीच्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की दुबईत तिची विक्री कायदेशीर झाली तीही २०१९ मध्येच. तेव्हा तो मुलगा तिकडे जे करतो ते तिकडच्या कायद्यात बसते. तीच वस्तू पिशवीत घालून चुडाव्याला आणली तर तो गुन्हा होतो. त्याला हे ठाऊक होते, म्हणून तर त्याने फक्त फोटो आणले.

पण कायद्याची रेषा कळली म्हणजे मनाचा प्रश्न सुटला असे होत नाही. इथे चारशे वर्षांपूर्वीची एक हकीकत आम्हांला उपयोगी वाटते, आणि ती आपल्याच दख्खनची आहे. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आपल्याकडे आली. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला गेला असता त्याला ती तिथे दिसली. परत जाताना त्याने ती बादशहासाठी नेली. नुसती पाने नेली नाहीत. एक देखणी नळी करून घेतली, लांबलचक, टोकांना रत्ने आणि मिन्याचे काम, ओठांना लावायला अकीक. ती चांदीच्या तबकात घालून त्याने दरबारात ठेवली. बादशहाची नजर तिच्यावर गेली, हे काय आहे म्हणून विचारणा झाली आणि त्याने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : ज्या वस्तूचा गुणदोष कोणी तपासलेला नाही ती घेऊ नये. बादशहाने पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण दरबारातल्या सरदारांनी मागणी केली आणि तंबाखू पसरली. १६१७ साली जहांगीर बादशहाने बंदीचे फर्मान काढले, तोवर उशीर झाला होता.

या हकिकतीत आम्हांला नळीचे महत्त्व वाटते. नळी साधी असती तर बादशहाने विचारले असते की नाही, कोण जाणे. घडवणाऱ्या कारागिराचा हेतू वाईट नव्हता. त्याने आपले काम उत्तम केले. पण त्याच्या कामामुळेच एक अनोळखी वस्तू आवडीची झाली. संत थॉमस अक्विनास हेच वेगळ्या शब्दांत सांगतात : कसबामुळे वस्तू चांगली होते, त्याने माणूस चांगला होतोच असे नाही. कशासाठी, कोणासाठी आणि कधी, हे पाहणारा विवेक वेगळा लागतो. व्हेपचे चरे घालवून ते चमकवले आणि बॅटरी घालून मित्राच्या हाती दिले, तर हात निर्दोष राहत नाहीत. देणारा स्वतः ओढत नाही, एवढे म्हणून भागत नाही. टाकून दिलेली जुनी डबी उचलावी असे कोणत्या पोराला वाटणार नाही. तीच आरशासारखी झाली की वाटेल.

मग बिदरीचे काय? आमचे ते हुक्क्याचे बूड? बिदर आपल्याला लांब नाही; नांदेड सोडून दक्षिणेला गेले की उदगीरनंतर त्याचाच मुलूख लागतो. जस्तात थोडे तांबे मिसळून हे भांडे ओतायचे, त्यावर कोरीव काम करून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून तापवलेल्या भांड्याला चोळायची. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच पांढरी राहते. जुन्या काळी या कारागिरांच्या हातून सर्वांत नावाजली गेलेली वस्तू म्हणजे हुक्क्याचे बूड. हैदराबादपासून लंडनपर्यंतच्या संग्रहालयांत ती काचेच्या कपाटात आहेत. नवाबांचे हुक्के गेले. कला गेली नाही. कारागिरांनी त्याच हातांनी फुलदाण्या, डब्या, बांगड्या, तबके केली. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे सवय मेली आणि कसब जगले, असे होऊ शकते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिलेत तर हेच वाटेल. पितळी, लोखंडी, नक्षीचे, माणसांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे. ते पाहून कोणाला सुपारी खाण्याची इच्छा होत नाही. ज्याने ते घडवले त्याच्या हाताचे कौतुक वाटते.

परंतु इथे एक धोका आहे आणि तो आम्ही आमच्या फुलदाणीवरूनच सांगतो. येणारा प्रत्येक पाहुणा तिची स्तुती करतो. ती हुक्क्याची आहे हे आम्ही आजवर एकालाही सांगितलेले नाही. सांगायचे टाळले असे नाही, पण चमक होती, म्हणून गरज वाटली नाही. संग्रहालयात वस्तूपुढे पाटी असते. घरात पाटी नसते. घरात वस्तूची पाटी म्हणजे घरातली माणसे; ती बोलली नाहीत तर उरते फक्त चकाकी.

पवित्र शास्त्रात पितळेच्या सापाची गोष्ट आहे. अरण्यात सर्पदंशाने लोक मरत होते, तेव्हा मोशेने देवाच्या आज्ञेवरून तो घडवला आणि त्याकडे पाहून लोक वाचले. पिढ्यान्‌पिढ्या तो जपला गेला. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू, तिच्याशी एवढी आठवण निगडित, तरीही. याउलट मिसर देशातून आणलेल्या सोन्याचे लोकांनी वासरू केले आणि नंतर त्याच लोकांनी निवासमंडपासाठी सोने दिले. धातूवर दोष ठेवलेला नाही. ती वस्तू आज माणसांकडून काय करवून घेते, हे पाहिले आहे. आमचे टेबल, त्या आईची फळी आणि त्या मुलाचे फोटो, तिन्हींना हीच कसोटी लावावी असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न हौसेचा आहे म्हणून हलका समजू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, आणि त्यातले बहुसंख्य ती ओढत नाहीत, खातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे टपरीवर उभे राहिले की कळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमधली सिगारेटची विक्री बंद केली. त्यातून उत्पन्न मिळत होते, तरी माणसाच्या आरोग्याला घातक गोष्टीत धर्मपीठाचा वाटा नको, असे कारण दिले गेले. आपल्या धर्मग्रामातही गेल्या काही वर्षांत तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्यांच्या अंत्यविधी आम्ही केल्या आहेत. ती घरे तुम्हांला ठाऊक आहेत. त्यांच्या फळीवर, ट्रंकेत, कोनाड्यात अशा डब्या असतील.

त्या डब्या फेकाव्यात असे आम्ही म्हणत नाही. घासायच्या असतील तर जरूर घासाव्यात. फक्त स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. घासून झाल्यावर ही वस्तू तिचे जुने काम पुन्हा करणार आहे काय? करणार असेल तर ती आपण कोणाच्या हाती देत आहोत? घरातली लहान मुले तिच्याकडे पाहून काय शिकणार आहेत? आणि तिसरी, जी आम्हांला स्वतःला अवघड गेली : हिच्यावरचा कोणता चरा आपण बुजवत आहोत, आणि तो बुजवल्याने कोणती खरी गोष्ट सांगायची राहून जाणार आहे?

सुट्टी संपून तो मुलगा परत गेल्यावर आम्ही त्याला फोन केला. आमचे उत्तर घाईचे होते असे सांगितले. त्याचे काम वाईट नाही, पण बॅटरी आणि आतली तार काढून टाकलेली डबी ही एक वस्तू आणि चालू करून कोणाला दिलेली डबी ही दुसरी वस्तू, असे आम्हांला वाटते हेही सांगितले. तो म्हणाला, त्याने आजवर दोन व्हेप चालू करून मित्रांना दिले आहेत. त्यातला एक मित्र आधी काहीच ओढत नव्हता. हे त्याने आम्ही न विचारता सांगितले. यापुढे देणार नाही, असेही म्हणाला. आम्ही पुढे काही उपदेश केला नाही.

मग त्याने दुसरीच गोष्ट काढली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने वडिलांची पितळी डबी घासायला घेतली होती. तिच्या एका कडेला खोल पोचा आहे. आतून लाकडी ठोकळा धरून तो पोचा काढायचा, मग पॉलिश पेपर मारायचा, असे त्याने ठरवले होते. आईने डबी त्याच्या हातातून घेतली. म्हणाली, "चरे काढ. पोचा राहू दे. डाक्टरनं सांगितलं त्या दिशी त्यांनी भिताडावर फेकून मारली होती."

त्याने पोचा तसाच ठेवला. डबीत आता सुया आणि दोन-चार बटणे असतात. पुढच्या घरभेटीला गेलो की त्या घरातल्या नातवंडांना तो पोचा दाखवून काय झाले ते सांगावे, अशी आम्ही आईला विनंती करणार आहोत. आणि आमच्या टेबलावरच्या फुलदाणीबद्दल कोणी विचारले, तर ती काय होती हे आम्हीही सांगू.

प्रभू तुम्हां सर्वांना विवेक आणि शांती देवो.